खाणीतून कॅटलॉगात : मुंबईच्या भिंतींच्या रंगाचा मागोवा

फोर्टमधल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या भिंतीजवळ जाऊन पाहिले, तर एकाच इमारतीत तीन ठिकाणची भूमी भेटते. भिंतीचे अंग काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच दगडाचे. त्याला जोड कुर्ल्याच्या पिवळसर दगडाची. आणि मधूनमधून दिसणारे पांढरे काम सौराष्ट्रातल्या ध्रांगध्र्याहून आलेल्या दगडाचे. जॉन बेग यांच्या आराखड्यानुसार १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९१३ मध्ये संपले. त्यानंतर शंभराहून जास्त पावसाळे या भिंतीने काढले आहेत. धूळ बसली, धूर बसला, तरी काळा दगड काळा आणि पिवळा दगड पिवळा ओळखू येतो. तो रंग कोणी वरून दिलेला नाही, दगडाच्या पोटातूनच आलेला आहे.

आज अंधेरीत किंवा वडाळ्याला उभ्या राहणाऱ्या टॉवरचा रंग वेगळ्या वाटेने ठरतो. टेबलावर शेड कार्ड असते, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे वीतभर नमुने असतात, काचेचे चार तुकडे असतात आणि संगणकावर काढलेले इमारतीचे चित्र असते. त्या चित्रात पावसाळा नसतो, समुद्राची खारी हवा नसते, दहा वर्षांनंतरची भिंत नसते. भिंतीचा रंग खाणीतून निघून कॅटलॉगात कसा पोचला आणि वाटेत त्याने काय काय गमावले, हे समजून घेतले पाहिजे असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण हा रंग पुढची चाळीस-पन्नास वर्षे लाखो लोकांना रोज पाहावा लागतो, आणि त्यांतल्या कोणालाही तो निवडताना विचारलेले नसते.

१८६० पूर्वीची मुंबई दगडी नव्हती. किल्ल्याच्या तटबंदीला, धक्क्यांना, काही सरकारी इमारतींना दगड होता. वस्ती मात्र लाकडाच्या सांगाड्याची, विटा-चुन्याची आणि कौलांची. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यात लागलेल्या आगीने बरीचशी वस्ती जाळली, त्याचे कारण हेच लाकूड. या शहराचा रंग चुन्याचा होता. कोकणपट्टीवर कालवांचे आणि शिंपल्यांचे कवच भाजून चुना करत, घाणीत मळत आणि त्याचा गिलावा देत. त्यावर दर वर्षी दिवाळीच्या आधी पांढरा हात फिरे. पांढऱ्यात थोडी नीळ टाकली की भिंत निळसर दिसे, जोत्याला काव लावली की लालसर. गोव्यात आणि दक्षिण कोकणात याच दोन वस्तूंमधून, चुना आणि काव यांच्यातून, कावी कला जन्मली. ओल्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करून चित्र काढायचे. देवळांच्या भिंतींवर आजही ती पाहायला मिळते. रंगांची निवड दोन-तीन छटांपलीकडे जात नव्हती, आणि त्या दोन-तीन छटा घरापासून बैलगाडीच्या टप्प्यात मिळत.

या चुन्याच्या शहराची नोंद गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात केली. ते १८६३ चे. अगदी त्याच सुमाराला गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडायला सुरुवात झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा ओतला गेला. तट पाडण्याच्या समितीचे वास्तुकार जेम्स ट्रबशॉ यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची आखणी केली. माडगांवकरांनी जे शहर लिहून ठेवले ते त्यांच्या पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच बदलू लागले.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींना आपण गॉथिक म्हणतो. शैली विलायती, हे खरे. पण त्यांचा रंग विलायती नाही. लंडनमध्ये बसलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर कागदावर काढला. ते स्वतः मुंबईत कधी आलेच नाहीत. १८७८ मध्ये २८० फुटांचा तो मनोरा पूर्ण झाला तो कुर्ल्याच्या पिवळसर दगडात. विल्यम इमर्सन यांच्या क्रॉफर्ड मार्केटलाही (१८६९) कुर्ल्याचाच भरड दगड, आणि त्याला लाल जोड वसईच्या दगडाची. डेव्हिड ससून ग्रंथालयाला मालाडचा पिवळा दगड. कर्नल फुलर यांच्या उच्च न्यायालयाला काळा दगड. आराखडा कुठूनही येवो, रंग ठरवला तो साष्टीच्या खाणींनी.

त्यातही रेल्वेचा हात मोठा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावू लागली, तिच्या वाटेवर कुर्ला. १८६७ मध्ये दुसऱ्या बाजूची, बीबीसीआय रेल्वेची गाडी विरारहून बॅकबेपर्यंत येऊ लागली, तिच्या वाटेवर मालाड. दगड ही जड वस्तू आहे आणि तिची किंमत खाणीत जेवढी असते त्याच्या कितीतरी पट ती वाहून आणण्यात जाते. ज्या खाणीजवळ रूळ आले, त्या खाणीचा रंग शहराला चढला. पोरबंदरचा चुनखडीचा दगड मात्र रुळांवरून आला नाही, तो गलबतांतून समुद्रावाटे आला.

या इमारती दुरंगी-तिरंगी का, याचे उत्तर पुष्कळदा विलायती शैलीत शोधले जाते. व्हेनिसच्या पट्टेदार भिंतींची त्या काळी इंग्लंडमध्ये आवड होती, हे बरोबरच आहे. पण मला त्याहून जास्त पटते ते पाथरवटाचे कारण. काळा बेसॉल्ट टणक. त्याचा घडीव चिरा निघतो, भार पेलतो, पावसाला दाद देत नाही, पण त्याच्यावर पानाफुलांची बारीक नक्षी काढायची म्हणजे छिन्नीचे तोंड बोथट करून घेणे. पोरबंदरचा दगड मऊ, त्यावर पाकळी न् पाकळी उमटते. म्हणून ज्या दगडावर छिन्नी चालत नाही तो भिंतीला आणि ज्यावर चालते तो कमानीला, खांबाच्या माथ्याला, मूर्तीला. रंगांची वाटणी दगडाच्या कठीणपणाने केली. वास्तुकाराने ती पाहिली, पटली म्हणून पुढे मुद्दाम खुलवली. (मऊ दगडाने त्याची किंमत नंतर मोजली. खाऱ्या हवेत आणि गाड्यांच्या धुरात चुनखडीच्या नक्षीचे नाकडोळे झिजले, बेसॉल्ट मात्र तसाच आहे.)

हे काम ज्यांच्या हातांनी झाले त्यांच्याबद्दल थांबून बोलले पाहिजे. खाणीत सुरुंग लावणारे, पहार घालणारे वडार. चिरा घडवणारे पाथरवट. बांधकामावर राबणारे तेलंगणातून आलेले कामाठी, ज्यांच्या नावाने कामाठीपुरा वसला. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५ पासून लॉकवुड किपलिंग शिकवू लागले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरचे उठावचित्र त्यांचे, आणि पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या नक्षीत याच शाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात होता. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातींच्या माणसांच्या मूर्ती आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे श्रेय एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांना मिळते आणि ते योग्यच आहे, पण १८७८ पासून सुमारे दहा वर्षे चाललेल्या त्या कामावर सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. कोणता चिरा कुठे बसवायचा, कोणता खाणीत परत पाठवायचा, हे रोजचे निर्णय लंडनमध्ये होत नसत. दगड निवडणे हे तेव्हा दगडाजवळ उभे राहून करायचे काम होते.

आता एक वेगळी इमारत. याच दगडी काळात, १८६० च्या दशकात, काळा घोड्याजवळ कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी एक हॉटेल उभारले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, तुकड्या-तुकड्यांनी जहाजातून आणून इथे जोडला. भार सगळा बिडाच्या खांबांवर. भिंत नुसती दोन खांबांमधली जागा भरण्यापुरती. १८९६ च्या ७ जुलैला ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्र इथे दाखवले गेले, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात या हॉटेलचे नाव येते. भिंतींच्या इतिहासात ते त्याहून मोठ्या कारणासाठी यायला हवे. भिंतीने भार उचलणे सोडले तो मुंबईतला हा आरंभ. भार गेला की भिंत काहीही होऊ शकते, पातळ, पोकळ, काचेची, पत्र्याची. आज वांद्रे-कुर्ला संकुलात उभ्या असलेल्या काचेच्या इमारतींचे मूळ पुरुष हे वॉटसनचे हॉटेल आहे. शेजारी पिवळ्या दगडाचे ससून ग्रंथालय आणि त्याच्या बाजूला हा लोखंडी सांगाडा. दोन वंश एकाच रस्त्यावर सुरू झाले, पण दुसऱ्या वंशाचे दिवस यायला पन्नास वर्षे लागली.

मधल्या काळात एक नवी गोष्ट घडली. एका इमारतीचा रंग ठरवण्यापुढे जाऊन अख्ख्या रस्त्याचे रूप ठरवण्याची कल्पना आली. हॉर्नबी रोडवर, आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, इमारतींना पायवाटेवर कमानी ठेवण्याची सक्ती झाली. मालक वेगळे, वास्तुकार वेगळे, पण खालची कमानींची रांग एक. पुढे पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीने भराव घालून बॅलार्ड इस्टेट तयार केली, तेव्हा जॉर्ज विटेट यांनी तिथल्या इमारतींची उंची आणि शैली यांना एक शिस्त लावली. रविवारी दुपारी, गाड्या नसताना, बॅलार्ड इस्टेटमध्ये फिरून पाहावे. एकही इमारत शेजारणीच्या अंगावर ओरडत नाही. जयपूरने १८७६ मध्ये युवराजांच्या भेटीसाठी गुलाबी रंग घेतला आणि पुढे तो सगळ्या शहरावर बंधनकारक केला, तसा नियम मुंबईत कधीच झाला नाही. इथे रस्त्यापुरते आणि वसाहतीपुरते नियम झाले. मुंबईच्या स्वभावाला तेवढेच मानवले असावे.

विटेट यांच्याच दोन इमारतींत दगडाचा शेवटचा मोठा बहर दिसतो. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. गेटवे ऑफ इंडियाला खारोडीचा पिवळा बेसॉल्ट. ४ डिसेंबर १९२४ ला गेटवेचे उद्घाटन झाले तेव्हा बहुतेकांना दिसला तो दगड, पण त्याच्या जोडीला आत सलोह काँक्रीट होते.

ते काँक्रीट कुठून आले, हा या मागोव्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा दुवा. १९१४ मध्ये इंडियन सिमेंट कंपनीचा कारखाना सुरू झाला तो पोरबंदरला. ज्या चुनखडीचे चिरे गलबतांत भरून मुंबईला येत आणि इथे त्यांची फुले-पाने होत, तीच चुनखडी आता भट्टीत भाजून, दळून पोत्यांत भरून निघू लागली. गाव बदलले नाही, खडक बदलला नाही. चिऱ्याच्या जागी भुकटी आली आणि तिथे रंगाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. भुकटीपासून जी भिंत होते ती राखाडी असते आणि तशीच ठेवली तर कोणालाही आवडत नाही.

सरकारने ती कामगारांसाठी तशीच ठेवली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. त्यांच्या दर्शनी रूपावर कोणी फार विचार केलेला दिसत नाही. दहा-बारा वर्षांनंतर बॅकबेच्या भरावावर मध्यमवर्ग आणि श्रीमंत राहायला आले, तेव्हा त्याच काँक्रीटला क्रीम, पिस्ता, फिकट गुलाबी, लिंबू असे रंग मिळाले, गोलसर बाल्कन्या मिळाल्या, खिडकीवर भुवयांसारखे छज्जे मिळाले. हा भेद नोंदवायलाच हवा. रंग कोणाच्या भिंतीला द्यायचा हेही कोणीतरी ठरवतच होते.

तरीही आर्ट डेकोचे मुंबईवर उपकार आहेत. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेची रांग पाहिली की लक्षात येते, हे काँक्रीटचे पहिले खरे मुंबईकर रूप. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारखे इथेच वाढलेले वास्तुकार या काळात पुढे आले. त्यांचा १९३७ चा सूना महाल मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर आजही लक्ष वेधून घेतो. या वास्तुकारांना सिमेंटच्या गिलाव्याचे गुण कळले होते. दगडी चिऱ्याला वळवता येत नाही, गिलाव्याला येते. म्हणून आडव्या रेषा, लाटांचे पट्टे, सूर्यकिरणांचे आकार. रंगसुद्धा रेषेच्या मदतीला, मुख्य भिंत फिकट आणि पट्टी गडद. सोहराबजी भेदवार यांच्या इरॉस थिएटरमध्ये (१९३८) जुने आणि नवे एकत्र दिसते, काही भागाला आग्र्याचा लाल दगड आणि बाकी क्रीम रंग. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू, पूर्वेचे गॉथिक आणि पश्चिमेचे आर्ट डेको, एकत्रच जागतिक वारसा म्हणून घोषित केल्या. मैदानाच्या मध्ये उभे राहिले की एका बाजूला पोटातून आलेला रंग आणि दुसऱ्या बाजूला वरून दिलेला रंग असे दोन्ही एका नजरेत येतात.

वरून दिलेल्या रंगाला मात्र देखभाल लागते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. गिलाव्याला बारीक भेग गेली की पाणी आत शिरते, खारी हवा आत शिरते, आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचा काँक्रीटचा थर खपलीसारखा पाडते. पोस्ट ऑफिसच्या दगडाला हे भय नाही, कारण त्याच्या पोटात लोखंड नाही. मरीन ड्राइव्हच्या इमारतींना आहे. आपल्या पिढ्यांनी पाहिलेली परांची, दोरावर झुलणारा रंगारी, सोसायटीच्या सभेत दुरुस्ती निधीवरून होणारे वाद, हे सगळे काँक्रीटबरोबर आले.

स्वातंत्र्यानंतरची चाळीस वर्षे रंगांच्या दृष्टीने गरिबीची, पण मला त्या काळाबद्दल आदर आहे. सिमेंट परमिटवर मिळे. १९८२ च्या जानेवारीत बॅ. अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले ते सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून, इतकी ती पोती मोलाची होती. अशा टंचाईत दादर, विलेपार्ले, मुलुंड, ठाणे, पुणे इथल्या सोसायट्या उभ्या राहिल्या. बाहेरून सँडफेस गिलावा आणि त्यावर स्नोसेम. सँडफेसचा खरखरीत पोत नुसता शोभेचा नव्हता. गुळगुळीत भिंतीवर भेगा आणि ओघळ लगेच दिसतात, खरखरीत भिंतीत ते लपतात आणि उन्हात तिच्यावर बारीक सावल्याही पडतात. स्नोसेम हा सिमेंटचाच रंग, ओल्या भिंतीवर द्यायचा आणि त्यावर पाणी मारायचे, म्हणजे तो भिंतीला धरतो. ज्यांच्याकडे थोडे जास्त पैसे होते त्यांनी जिन्याच्या पट्ट्याला आणि जोत्याला ग्रिट वॉश केला. म्हणजे दगडाची बारीक खडी सिमेंटमध्ये मिसळून थापायची आणि थर पुरता सुकण्याआधी वरचे सिमेंट धुऊन खडी उघडी करायची. त्या भिंतींना रंग लागला नाही आणि पन्नास वर्षांनी आजही लागत नाही. कमी पैशांत टिकाऊ भिंत कशी करावी याचे ज्ञान त्या काळच्या गवंड्यांकडे होते. ते कोणी लिहून ठेवले नाही, आणि ते करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

१९९१ नंतर बांध फुटला. परदेशी कंपन्यांना कार्यालये हवी होती आणि ती न्यूयॉर्क-सिंगापूरसारखी दिसायला हवी होती. फ्लोट काचेचे कारखाने देशात निघाले. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, मालाड, पुढे पुण्यात हिंजवडी-खराडी, सगळीकडे निळी आणि हिरवी काच चढली. थंड देशात काच लावतात ती ऊन आत घ्यायला. इथे मुंबईत, १९ अंश उत्तर अक्षांशावर, पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या भिंतीतून दुपारी जे ऊन आत येते ते बाहेर काढायला दिवसभर वातानुकूलन चालवावे लागते. याच्या अगदी उलट, विद्यापीठाच्या इमारतीला हातभर जाड दगडी भिंत आणि तिच्यापुढे खोल व्हरांडा आहे. दगडही ऊन शोषतो, पण जाडीमुळे ते आत पोचायला संध्याकाळ होते आणि व्हरांड्याच्या सावलीमुळे भिंतीवर पडणारे ऊनच कमी.

काचेबरोबर आला एसीपी, ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल. युरोपात तो १९६९ पासून आहे. ॲल्युमिनियमचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये गाभा, सगळे मिळून तीन-चार मिलिमीटर. हलका, लवकर बसतो, लाकडाचा, दगडाचा, सोन्याचा, हवा तो रंग घेतो. पूर्वी रंगाची निवड खाणीने मर्यादित केली होती, इथे ती पूर्ण मोकळी झाली. पण स्वस्त पॅनेलच्या गाभ्यात पॉलिएथिलीन असते आणि ते जळते. भिंत आणि पॅनेल यांच्यामध्ये जी पोकळी राहते तिच्यातून ज्वाळा धुराड्यातून चढाव्यात तशा वर चढतात. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. त्या जुन्या इमारतीचे रूप सुधारावे आणि तिची ऊब टिकावी म्हणून काही काळापूर्वीच तिला हे बाहेरचे कवच चढवले होते. मुंबईतही २०१४ च्या जुलैमध्ये अंधेरीच्या एका काचेच्या उंच इमारतीत आग लागली. धूर बाहेर पडायला वाट नव्हती आणि अग्निशमन दलाचा एक जवान मृत्युमुखी पडला. बाह्यांगाचा नमुना पाहताना मी आधी रंग पाहत नाही, गाभा विचारतो. तो खनिजयुक्त, आग रोखणारा आहे का आणि त्याचा चाचणी अहवाल कुठे आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत छटांची चर्चा सुरूच होऊ नये.

गेल्या काही वर्षांत निवासी टॉवरवर गडद करड्या आणि काळपट पट्ट्यांची लाट आली आहे. चित्रात त्या देखण्या दिसतात. पण पांढरी भिंत अंगावर पडणाऱ्या उन्हाचा पाव ते तिसरा हिस्सा शोषते, तर गडद करडी भिंत पाऊण हिश्श्याहून जास्त. शिवाय ती हातभर जाड दगडाची नसते, वीतभर ब्लॉकची किंवा काँक्रीटची असते, आणि तिच्यापुढे व्हरांडा नसतो. ती उष्णता पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोचते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा तिने घातली. म्हणजे रंग हा आवडीनिवडीचा विषय आहे असे म्हणून आता सुटका नाही, तो विजेच्या बिलाचा विषय आहे.

पुनर्विकासाने हा प्रश्न घराघरात आणला आहे. दादरची हिंदू कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क इथल्या तीन-चार मजली इमारती उतरवून टॉवर उभे राहत आहेत. रहिवासी चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर वर्षानुवर्षे भांडतात आणि बाहेरच्या भिंतीचा निर्णय शेवटच्या पाच मिनिटांत ‘एलेव्हेशन छान आहे’ म्हणून मंजूर करतात. १९९५ च्या नियमांनी वारसा यादीतल्या इमारतींना संरक्षण दिले. त्या यादीबाहेर मात्र भिंत कोणत्या रंगाची असावी हे विचारणारे कोणी नाही. निदान करारनाम्यात तरी काही ओळी असाव्यात. निवडलेल्या गिलाव्याचा, रंगाचा किंवा पॅनेलचा आठ-दहा फुटी तुकडा आवारात पश्चिमेकडे तोंड करून उभा करावा आणि एक पूर्ण पावसाळा तसाच ठेवावा. ओघळ कुठून उतरतात, शेवाळ कुठे धरते, सांध्यातून पाणी शिरते का, हे त्या चार महिन्यांत कळते. छज्ज्याच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का ते पाहावे. चाळिसाव्या मजल्यावरची भिंत धुवायला आणि दुरुस्त करायला माणूस तिथे पोचणार कसा आणि त्याचा दहा वर्षांचा खर्च किती, हे विकासकाकडून लिहून घ्यावे. टॉवरमध्ये राहायला गेलेल्या अनेक सोसायट्यांना हा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा तो त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

आणखी एक ओळ जुन्या दगडासाठी. मालाड-कुर्ल्याच्या त्या खाणी आता वस्तीखाली गेल्या आहेत. जुन्या इमारतीचा झिजलेला चिरा बदलायचा तर त्याच छटेचा दगड पुष्कळदा पाडकामातूनच शोधावा लागतो. असे असताना गिरगावात, दादरला, परळला दर महिन्याला जुनी जोती, पायऱ्या, कुंपणाच्या भिंती फुटतात आणि त्यांतले घडीव चिरे डबर म्हणून भरावात जातात. पाडकामाच्या कंत्राटात लोखंड आणि सागाचे दर वेगळे लिहिलेले असतात, कारण ते विकले जातात. घडीव दगडालाही तशीच स्वतंत्र नोंद मिळावी, तो क्रमांक टाकून बाजूला काढावा, थोडा नव्या इमारतीच्या जोत्याला आणि कुंपणाला वापरावा, आणि उरलेला ज्यांना संग्रहालयाच्या किंवा न्यायालयाच्या भिंतीची दुरुस्ती करायची आहे त्यांना मिळेल अशी एक साठवणुकीची जागा महापालिकेने ठेवावी.